तीन शून्यं आणि ठिपक्यांची रांगोळी

पावसाळ्यात वेंगुर्ल्याकडे केबल गेली की पहिला संशय माडावर. झावळ पडली असणार, वायर तुटली असणार. या खेपेला मात्र टीव्ही व्यवस्थित चालू होता. त्याच वायरीवर, स्प्लिटरच्या (एका वायरीच्या दोन करणाऱ्या डबीच्या) दुसऱ्या टोकाला, लिनक्सच्या कंप्युटरला जोडलेला यूएसबी ट्यूनर, म्हणजे टीव्हीचा सिग्नल पकडणारं यंत्र, तेवढा 'लॉक' घेईना, म्हणजे सिग्नल पकडेना.

ट्यूनर चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, म्हणजे ड्रायव्हरची, नोंद उघडली. तक्रार साधी होती: फ्रिक्वेन्सी मर्यादेबाहेर. लिनक्समध्ये केबलची फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये द्यायची असते, उपग्रहाची किलोहर्ट्झमध्ये. डिशच्या सवयीने मी 306 मेगाहर्ट्झसाठी 306000 लिहिलं होतं. तीन शून्यं जोडली. सिम्बॉल रेटचीही (सेकंदाला किती सिम्बॉल, म्हणजे सिग्नलच्या खुणा, येतात त्या आकड्याची) तीच गत. 6875 नव्हे, 6875000.

लॉक मिळाला. पण वरच्या फ्रिक्वेन्सीचे काही चॅनेल चौकटी-चौकटी होऊन अडकू लागले.

इथे रांगोळी आठवावी. 64-क्यूएएम या केबलवर आकडे पाठवायच्या पद्धतीत सिग्नल म्हणजे आठ बाय आठ ठिपके. दर सिम्बॉलला ट्यूनरने त्यातला एक ओळखायचा की सहा बिट (शून्य-एकचे आकडे) हाती. सेकंदाला 68 लाख 75 हजार वेळा! सिग्नलमध्ये गोंगाट वाढला की ठिपके फिसकटतात, शेजाऱ्याच्या घरात शिरतात. चूक दुरुस्त करायला दर 204 बाइटच्या (आठ बिटांचा एक बाइट) पाकिटात 16 बाइट जादाचे असतात, त्यांच्या जोरावर आठ चुकीचे बाइट सावरतात. नववा चुकला की ते पाकीटच वाया. म्हणून जुन्या टीव्हीसारख्या आधी मुंग्या येत नाहीत. चित्र चांगलं असतं, आणि एकदम नसतं.

वायरीत जास्त फ्रिक्वेन्सीचा सिग्नल जास्त झिजतो, त्यामुळे कुठे गळती असली की वरचे चॅनेल आधी मार खातात. पडवीतला एफ-कनेक्टर, म्हणजे वायरीच्या टोकाचा आटे असलेला जोड, उघडला. पागोळीचं पाणी वायरीवरून थेट आत उतरत होतं. मधल्या तारेवर हिरवट थर, तिच्याभोवतीच्या जाळीचा भुगा. खाऱ्या हवेत तांबं कितीसं टिकणार? 'बूस्टर (सिग्नल वाढवणारी डबी) लावा' असा सल्ला दोघांनी दिला होता. बूस्टर गोंगाटही तितकाच वाढवतो, आणि सिग्नल फार जोरात गेला तर रांगोळीचे कडेचे ठिपके आत दबतात.

खराब झालेला वीतभर तुकडा कापला, नवा कनेक्टर बसवला आणि वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. चौकटी गेल्या. काही चॅनेल अजून काळेच आहेत, लॉक पक्का असूनही. ते सांकेतिक केलेले आहेत. त्यांची किल्ली सेट-टॉप बॉक्सच्या कार्डात. त्यासाठी ड्रायव्हर उकरण्यात अर्थ नाही.