बालपणातील प्रतिकूल अनुभव

वयाच्या 18 वर्षांच्या आत वाट्याला आलेली मारहाण, लैंगिक अत्याचार, सततचा पाणउतारा, आबाळ. तसेच घरातले व्यसन, आईला होणारी मारझोड, आईवडिलांची फारकत, घरातल्या कुणाचा मानसिक आजार किंवा तुरुंगवास, या सर्वांना मिळून ही संज्ञा वापरतात. ‘लहान आहे, त्याला काय कळतंय,’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मुलाला कळते, आणि ते अंगात मुरते.

या अभ्यासाची सुरुवात अमेरिकेतल्या सॅन डिएगोतील कैसर पर्मनंटे या आरोग्यसेवा संस्थेच्या वजन घटवण्याच्या दवाखान्यात, 1985च्या सुमारास झाली. वजन चांगले उतरत असलेलेच रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडून जात. डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांनी त्यांना गाठून प्रश्न विचारले. पहिल्या शरीरसंबंधाच्या वेळचे वय विचारताना एकदा त्यांच्या तोंडून चुकून ‘वजन किती होते’ असे गेले. समोरच्या रुग्ण बाई म्हणाल्या, ‘चाळीस पौंड.’ म्हणजे जेमतेम 18 किलो. अत्याचार करणारा त्यांचा बाप होता. असे अनुभव पुढे अनेकांकडून निघाले. काहींना तर लठ्ठपणा हाच आडोसा वाटत होता.

फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी 1995 ते 1997 या काळात 17,000हून अधिक प्रौढांची पाहणी केली. त्यांत बहुसंख्य गोरे, शिकलेले, आरोग्य विमा असलेले लोक होते. तरीही सुमारे दोन तृतीयांश जणांनी किमान एक अनुभव नोंदवला. 1998च्या पहिल्या निबंधानुसार, चार किंवा अधिक प्रकार सोसलेल्यांत नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका काहीच न सोसलेल्यांच्या 4 ते 12 पट होता.

कडी वाजताच बापाची पावले आज कशी पडताहेत हे ओळखायला शिकलेल्या मुलाचे शरीर कायम सावध राहते. मोठेपणी धोका टळला तरी ती सवय सुटत नाही. कुणाचा आवाज जरा चढला की छाती धडधडते, विश्वास टाकणे जड जाते.

मात्र असे किती प्रकार सोसले याची बेरीज, म्हणजेच हा गुणांक, कुणा एकाचे भविष्य सांगत नाही, असे अँडा यांनीच 2020मध्ये बजावले. त्रास किती तीव्र होता, किती वर्षे चालला, हे त्यात मोजलेच जात नाही. गरिबी आणि सामाजिक भेदभावही मूळ यादीत नव्हते, ही त्यातली मोठी उणीव.

हवाईतील काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. अतिशय बिकट परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले धडधाकट मनाने मोठी झाली. त्यांच्या पाठीशी आजी, मावशी, शिक्षिका असे कुणीतरी एक हक्काचे माणूस टिकून होते. किशोरवयात भरकटलेल्यांतलेही बरेच जण पुढे सावरले. कुणाला सैन्यातल्या नोकरीने, कुणाला समजूतदार जोडीदाराने, कुणाला उशिरा पुन्हा धरलेल्या शिक्षणाने हात दिला.