वीरयात्रा व मिथकांचे आत्मपर वाचन

मिथकातील वीर घर सोडतो, अनोळखी प्रदेशात संकटांना तोंड देतो आणि काही मिळवून परततो, हा कथाक्रम स्वतःच्या आंतरिक जीवनाला लावून पाहण्याची वाचनपद्धती. कथा प्रत्यक्ष घडली की नाही, हा प्रश्न येथे दुय्यम ठरतो; वाचणाऱ्याच्या आयुष्यात ती कोठे लागू पडते, हा मुख्य. जोसेफ कॅम्बेल (१९०४–८७) या अमेरिकन अभ्यासकांच्या १९४९ मधील ग्रंथामुळे ही संकल्पना सर्वत्र पसरली. तिचे उगमस्थान मात्र वादग्रस्त आहे.

वीरकथांमधील साम्य एकोणिसाव्या शतकातच नोंदले गेले होते. योहान गेओर्ग फोन हान यांचे ‘त्याग व पुनरागमन’ सूत्र १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑटो रांक यांनी १९०९ मध्ये वीरांच्या जन्मकथा मनोविश्लेषणाच्या अंगाने तपासल्या. त्यांत ओडिपस व मोझेस यांच्याबरोबर कर्णही आहे. व्ह्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन परीकथांतील ३१ कार्ये (कथा पुढे नेणाऱ्या पात्रांच्या ठरावीक कृती) निश्चित केली, तर लॉर्ड रॅग्लन यांनी १९३६ मध्ये वीरचरित्राची २२ लक्षणे दिली. यांपैकी कोणालाही वाचकाच्या अध्यात्माशी कर्तव्य नव्हते. रांक यांचा वीर जन्म, परित्याग आणि पित्याशी संघर्ष यांतच गुंतलेला असतो. कॅम्बेल यांचा वीर बहुधा प्रौढ असतो, आणि त्याचा प्रश्न ‘मी कोणाचा’ यापेक्षा ‘मी कशासाठी’ हा असतो. उत्तरायुष्यात वळण शोधणाऱ्या वाचकांना कॅम्बेल यांची मांडणी जवळची वाटली, याचे हे एक कारण असावे.

कॅम्बेल यांनी प्रस्थान, दीक्षा आणि पुनरागमन असे तीन टप्पे कल्पिले व त्यांचे १७ उपटप्पे पाडले. हे त्रिपदी रूप त्यांनी आर्नोल्ड व्हान गेनेप यांच्या १९०९ मधील संक्रमणविधींच्या (जन्म, विवाह, मृत्यू अशा स्थित्यंतरांच्या वेळच्या विधींच्या) विवेचनावरून घेतले, हे उघड आहे. आशय मुख्यतः मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या आदिबंध-सिद्धांताचा, म्हणजे सर्व माणसांच्या मनात काही समान मूळ प्रतिमा असतात या कल्पनेचा. भारतविद्या-अभ्यासक हाइन्‍रिख झिमर (१८९०–१९४३) यांच्या निधनानंतर त्यांचे अप्रकाशित लेखन कॅम्बेल यांनीच संपादित केले. स्वामी निखिलानंदांच्या ‘रामकृष्णवचनामृता’च्या इंग्रजी भाषांतरालाही (१९४२) त्यांचा हात लागला होता. वेदान्ताची ही बाजू पाश्चात्त्य चर्चेत काहीशी झाकली जाते. आपल्या आनंदाचा माग घ्या, हा त्यांचा गाजलेला सल्ला सच्चिदानंद या कल्पनेतून सुचला, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे.

आत्मपर वाचन हे विसाव्या शतकाचे अपत्य, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार त्याची परंपरा बरीच जुनी असून, उपलब्ध साधने पाहता हेच मत अधिक ग्राह्य वाटते. होमरच्या देवतायुद्धाचा रूपकात्मक अर्थ लावणारा रेजियमचा थिअ‍ॅजिनीझ इ. स. पू. सहाव्या शतकाच्या अखेरीचा मानतात. त्याचे लेखन उरलेले नाही, उल्लेख नंतरच्या टीकांतून मिळतो. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात तत्त्वज्ञ प्लोटायनसने सर्सी व कॅलिप्सो या मायाविनींच्या मोहातून निघणारा, होमरच्या ओडिसी या महाकाव्याचा नायक ओडिसियस म्हणजे मूळ स्थानाकडे परतू पाहणारा जीव, असे म्हटले. त्याचा शिष्य पॉर्फिरी याने ओडिसीतील एका गुहेच्या जेमतेम अकरा ओळींच्या वर्णनावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. एकनाथांच्या भावार्थ रामायणात (सोळावे शतक) कैकेयी ही अविद्या, मंथरा ही कुविद्या आणि लक्ष्मण हा आत्मप्रबोध होतो. फरक आहे तो एवढाच, की या वाचनांत कथेचा नायक ‘जीव’ असतो, कोणी विशिष्ट माणूस नव्हे. जीवाच्या जागी नावागावाचा ‘मी’ आला, तो आधुनिक काळात.

याला एक ठळक अपवाद कठोपनिषदाचा; तेथे श्रोत्यालाच कथेत बोलावले जाते. त्याच्या काळाविषयी एकमत नाही, सामान्यतः इ. स. पू. पाचव्या शतकाच्या आसपास किंवा त्यानंतरचे मानतात. यमाकडून तीन वर मिळवणाऱ्या नचिकेत्याची त्यातील कथा तैत्तिरीय ब्राह्मणात (३.११.८) आधीच येते, तेथे तिसऱ्या वराचा रोख पुनर्मृत्यू (परलोकातही पुन्हा येणारे मरण) टाळण्यावर आहे आणि उपाय अग्नीचा आहे. उपनिषदात अग्नी दुसऱ्या वरात सरकला व तिसऱ्या वरात मृत्यूनंतर काय उरते, हा प्रश्न आला. उपनिषदाचा पहिला अध्याय मूळचा व दुसरा नंतर जोडलेला, असे अनेक अभ्यासक मानतात. पहिल्या अध्यायाच्या शेवटी ‘नाचिकेतमुपाख्यानं’ अशी फलश्रुती येते, त्यामुळे या मताला बळकटी मिळते.

वीरयात्रेच्या दृष्टीने लक्षणीय आहे तो पहिला वर. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिलेला हा मुलगा सर्वांत आधी परतीची सोय करतो: तू सोडल्यावर मी घरी जाईन, तेव्हा वडिलांचा राग निवळलेला असावा, त्यांनी मला ओळखून माझ्याशी बोलावे. कॅम्बेल यांच्या क्रमात अखेरीस येणारे पुनरागमन येथे प्रारंभीच मागून झाले आहे. प्रत्यक्ष परत जाण्याचे वर्णन मात्र उपनिषदात कोठेच नाही. त्याऐवजी अखेरच्या अध्यायात नचिकेता मृत्युमुक्त झाला असे सांगून ‘अन्योऽप्येवं’, म्हणजे दुसरा कोणीही असे जाणेल तर तोही, अशी जोड दिलेली आहे. श्रोत्याला कथेत शिरण्याचे आमंत्रण ग्रंथानेच द्यावे, हे मिथकवाङ्मयात विरळाच.

प्रत्यक्ष आचरणाबाबत साधने तुटपुंजी आहेत. युंगप्रणीत मानसोपचारांत स्वप्ने व कल्पनाचित्रे यांच्या जोडीने मिथके वापरली जातात. कॅम्बेल यांच्या मुलाखतींची मालिका १९८८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, अमेरिकन दूरचित्रवाणीवर आली आणि आत्मपर वाचन सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोचले. मॉरीन मर्डॉक यांनी १९९० मध्ये स्त्रीच्या प्रवासाचा वेगळा आराखडा दिला. त्यात स्त्रीत्वापासून तुटणे व त्याच्याशी पुन्हा जुळणे यांवर भर आहे. पटकथालेखनातील वीरयात्रा हा वेगळाच विषय होय.

लोकसाहित्याचे अभ्यासक या सिद्धांताबाबत साशंक आहेत. मिथक, दंतकथा आणि परीकथा एकाच मापाने मोजणे व जुळणारी तेवढीच उदाहरणे उचलणे, हे त्यांचे प्रमुख आक्षेप. मुचुकुंदाचे उदाहरण येथे बोलके आहे. देवांसाठी लढून थकलेला हा राजा वर म्हणून झोप मागतो. कृष्णाच्या मागे गुहेत शिरलेला कालयवन त्याला लाथ मारून उठवतो आणि त्याच्या दृष्टीने भस्म होतो. कृष्णदर्शनानंतर बाहेर आलेल्या मुचुकुंदाला माणसे, पशू, झाडे सारेच खुजे झालेले दिसते; कलियुग आले हे ओळखून तो उत्तरेकडे, गंधमादनावरून बदरिकाश्रमाला, तपासाठी जातो (भागवत, दशम स्कंध). कॅम्बेल यांनी ही कथा ‘पुनरागमनास नकार’ या उपटप्प्याखाली घातली, जरी राजाला दोष देणे त्यांनी टाळले आहे. भागवताच्या दृष्टीने येथे नकार असा नाहीच. पुढल्या जन्मी तू माझ्यापाशी येशील, असे कृष्णाने त्याला आधीच सांगितलेले असते, आणि राज्य सांभाळायला परत ये, असे त्याला कोणी म्हटलेले नाही. आत्मपर वाचनाला सतरा पायऱ्यांची शिडी लागतेच असे नाही, हा निष्कर्ष काही अलीकडच्या लेखनात सूचित झालेला आढळतो. कथा आणि आराखडा यांचे जुळत नसेल, तेथे कथेचे ऐकणे रास्त.