मुंबईत घराचा भाव: पागडीपासून इंडेक्स टूपर्यंत

मुलुंड किंवा बोरिवलीतल्या पस्तीस वर्षं जुन्या सोसायटीत कुणी घर विकायला काढलं की पहिला आकडा कानावर येतो तो शेजारच्या नव्या टॉवरचा. 'तिकडे चौरस फुटाला तीस हजारांनी गेला, आपण पंचवीसच मागतोय.' समजा करारनाम्यात ६५० चौरस फूट लिहिलंय. पंचवीस हजारांनी १ कोटी ६२ लाख ५० हजार झाले. पण जुन्या करारातले ६५० फूट बहुधा बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट असतात. त्याला १.२ ने भागलं की कार्पेट, म्हणजे घरातलं वापरायचं क्षेत्र, साधारण ५४२ फूट, आणि त्यावर भाव पडतो जवळपास तीस हजारच. म्हणजे लिफ्ट लहान, पार्किंग नाही, तरी मागणी टॉवरचीच. मग तीन महिने माणसं घर बघून जातात आणि फोन कुणाचाच येत नाही.

हा घोळ आजचा नाही. मुंबईत भावाचा आकडा नेहमी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात राहिला.

आधी तो घरमालकाच्या हातात होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. गिरगाव, परळ, दादरच्या चाळींत भाडं नाममात्र उरलं आणि खोलीची खरी किंमत पागडीत, म्हणजे भाडेहक्कासाठी मोजायच्या एकरकमी पैशांत गेली. खोली हस्तांतरित होताना मालक आपला हिस्सा घ्यायचा, बहुतेक ठिकाणी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि नव्या भाडेकरूच्या नावाने पावती फाडायचा. ती पावती हाच सौदा. कागदोपत्री हा व्यवहार बेकायदा होता. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा मार्च २००० मध्ये लागू झाला तेव्हा कुठे त्याला मान्यता मिळाली. पागडीच्या घराला आजही बँका सहसा कर्ज देत नाहीत. त्यामुळे गिऱ्हाईक कमी आणि भावही मालकीच्या घराहून बराच खाली.

मालकीचे फ्लॅट रुळले ते १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मोफा (मालकीच्या फ्लॅटांचा कायदा) आल्यावर. मग आकडा दलालाकडे गेला. बिल्टअप, त्यावर जिना-लॉबीचा वाटा चढवलेला सुपर बिल्टअप, आणि व्हाइट किती, ब्लॅक किती. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरवरच्या मोकळ्या जमिनी अडकल्या, तो कायदा राज्यात २००७ पर्यंत राहिला. चटईक्षेत्र (भूखंडावर किती बांधता येईल ती मर्यादा) बेताचं, जमीन अडकलेली, माणसं येतच राहिलेली. ऑक्टोबर १९८६ पासून दहा लाखांवरच्या सौद्याला आयकर खात्याची परवानगी लागायला लागली: भाव फारच कमी दाखवलेला आढळला तर खातं त्याच भावात घर स्वतः विकत घेऊ शकायचं. ही तरतूद २००२ पर्यंत होती. ब्लॅक तिने संपला नाही, पण दाखवायचा आकडा जरा जपून लिहिला जाऊ लागला.

१९९१ नंतर भाव उसळले, १९९५ च्या सुमाराला शिगेला पोचले आणि मग सात-आठ वर्षं उतरत राहिले. शिगेच्या भावात घेतलेल्यांना मुद्दल परत दिसायलाच दशक लागलं. मंदीत मुंबईत एक गोष्ट हमखास होते: बोललेला भाव हलत नाही, सौदेच थांबतात. बिल्डर पार्किंग फुकट देतो, मॉड्युलर किचन देतो, पण बोर्डावरचा दर तोच ठेवतो. २०१३ नंतरही हेच झालं. त्यामुळे बोर्डावरून बाजार ओळखणारा विक्रेता नेहमी उशिरा जागा होतो. दस्तनोंदणी मात्र लगेच बोलते. सप्टेंबर २०२० मध्ये मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत २ टक्क्यांवर आणलं, तेव्हा एकट्या डिसेंबरात मुंबईत १९ हजारांवर दस्त झाले.

रेडी रेकनर हा सरकारचा आकडा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला त्या त्या भागाचा दर. मुद्रांक शुल्क त्यावर किंवा मोबदल्यावर, जो जास्त त्यावर. लिफ्टच्या इमारतीत पाचव्या ते दहाव्या मजल्याला ५ टक्के वाढ, अकराव्या ते विसाव्याला १०. तो बाजारभाव नव्हे, पण त्याच्या फार खाली विकलं तर दोघांना भुर्दंड. रेकनरप्रमाणे किंमत १ कोटी ३० लाख आणि सौदा १ कोटी १५ लाखांना ठरला, तर सौद्याहून रेकनर १० टक्क्यांपर्यंत जास्त असला तरी आयकर खातं चालवून घेतं, पण ती सवलत १ कोटी २६ लाख ५० हजारांवरच संपते. विकणाऱ्याचा भांडवली नफा १ कोटी ३० लाखांवरून मोजला जातो आणि वरचे १५ लाख घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरले जातात. गर्दीच्या, जुन्या, पडायला आलेल्या इमारतींत हा फटका जास्त बसतो.

२०१७ मध्ये महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण, आली आणि नव्या घरांची जाहिरात कार्पेटवर आली. त्यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. जुन्या घरात बाल्कनी खोलीत घेतलेली असते आणि मालक ती बिनदिक्कत कार्पेटमध्ये मोजतो. घेणारा टेप घेऊन येतो तेव्हा ४०-५० फूट गळतात आणि सौदा तिथेच तुटतो. आधी आपणच मोजून ठेवलेलं बरं.

आज आकडा सगळ्यांपुढे उघडा आहे. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, दिसतो. त्यात मोबदला आणि बाजारभाव अशा दोन ओळी असतात. बघायची ती मोबदल्याची, दुसरी रेकनरची. आपल्या आणि शेजारच्या सोसायटीतले गेल्या सहा महिन्यांतले चार-पाच दस्त काढावेत, क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप ते वाचावं, चौरस मीटर असेल तर १०.७६४ ने गुणावं आणि मग दर काढावा. एखादा दस्त फारच खाली दिसला तर तो दोघा भावंडांमधला, हक्क सोडून देण्यासारखा घरगुती व्यवहार असू शकतो; तो सोडून द्यावा. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसलेली इमारत, लिफ्ट नसलेला तिसरा मजला, यासाठी दर उतरवावाच लागतो. पुनर्विकासाच्या नुसत्या चर्चेवर वाढीव क्षेत्रफळाचा भाव मागणं फुकट. विकसकाशी नोंदणीकृत करार झालेला असेल तर गोष्ट वेगळी.

एवढं करूनही सौदा अडतो तो कागदांवर. १० डिसेंबर १९८५ च्या आधी फ्लॅटचे करारनामे पाच रुपयांच्या स्टँपवर होत. त्यानंतरच्या करारांना पूर्ण मुद्रांक लागतो. बिल्डरच्या पहिल्या करारापासूनची साखळी बँकेला मूळ कागदांत लागते आणि १९८७ चा कमी मुद्रांकाचा करार नेमका तिथे वर येतो. शेअर सर्टिफिकेट वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर नॉमिनी आहे म्हणून विकता येत नाही, सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. त्यातला एक भाऊ परदेशात असेल तर त्याच्या हिश्शाला नेहमीचा १ टक्का टीडीएस (घेणाऱ्याने पैसे देतानाच कापायचा आयकर) लागू होत नाही, कपात कितीतरी मोठी असते. ती कमी करण्याचा दाखला आयकर खात्याकडून आणायला वेळ जातो, म्हणून तो अर्ज टोकन (बयाणा) घेण्याआधीच तयार ठेवावा. सोसायटीने हस्तांतराचे २५ हजारांहून जास्त मागितले तर ही मर्यादा घालणारं २००१ चं सरकारी परिपत्रक पुढे ठेवावं. 'ऐच्छिक देणगी'ची पावतीसुद्धा त्या मर्यादेला वळसा घालायलाच असते.