यमक न जुळणारे शब्द (इंग्रजी काव्य)

पूर्ण यमक जुळेल असा दुसरा रुळलेला शब्दच सापडत नाही, असे बरेच शब्द इंग्रजीत आहेत. ‘ऑरेंज’, ‘सिल्व्हर’, ‘पर्पल’ आणि ‘मंथ’ ही नावे सर्वांत आधी घेतली जातात. ‘वुल्फ’, ‘नाइन्थ’, ‘ट्वेल्फ्थ’ हेही त्याच पंक्तीतले. अशा शब्दांवर कवींनी शोधलेले उपाय हा इंग्रजी छंदशास्त्रातला फार रंजक भाग आहे. त्यांतले काही गमतीचे आहेत, तर काहींनी कवितेला नवे वळण दिले आहे.

मराठीत ओळीच्या शेवटची एक-दोन अक्षरे जुळली की यमक कानाला पटते. इंग्रजीचा नियम कडक आहे. शब्दातल्या ज्या स्वरावर जोर पडतो, त्या स्वरापासून शेवटपर्यंतचे सगळे ध्वनी सारखे असावे लागतात आणि त्या स्वराआधीचे व्यंजन वेगळे असावे लागते. ‘नाइट’ला ‘लाइट’ चालतो. ‘सिल्व्हर’ला मात्र ‘रिव्हर’ चालत नाही, कारण जोर पहिल्या स्वरावर असल्याने ‘इल्व्हर’ हा अख्खा तुकडा जुळायला हवा. त्यात इंग्रजी शब्दांच्या शेवटी व्यंजनांची दाटी असते. ‘ट्वेल्फ्थ’मध्ये एका स्वरामागे तीन व्यंजने उभी आहेत. जुन्या इंग्रजीतले विभक्ती-प्रत्ययही काळाच्या ओघात झिजून गेले. मराठीत ‘येतो, गातो, पाहतो’ अशी रूपे आयती हाताशी असतात. इटालियनमध्ये बहुतेक शब्द स्वरान्त असल्याने तिथेही यमकांना तोटा नाही. इंग्रजीला ही सोय उरली नाही. लेखनावर विसंबूनही भागत नाही: ‘पाइंट’ची शेवटची अक्षरे ‘मिंट’ आणि ‘हिंट’सारखीच लिहितात, पण उच्चारात तो शब्द एकटा पडतो.

मुळात इंग्रजी काव्य अन्त्ययमकावर उभेच नव्हते. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्याच्या काळातली रचना अनुप्रासावर, म्हणजे जोरदार अक्षरांच्या आरंभीच्या ध्वनिसाम्यावर चालत असे. 1066च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच काव्याचा प्रभाव वाढत गेला आणि यमक रुजले. मात्र फ्रेंचसारखा यमकांचा साठा इंग्रजीत नव्हता. चौदाव्या शतकात चॉसर या इंग्रज कवीने फ्रेंच कवितांवरून केलेल्या ‘कम्प्लेंट ऑफ व्हीनस’ या रचनेच्या शेवटी, इंग्रजीत यमकांचा दुष्काळ असल्याने मूळ रचनेमागून शब्दशः जाणे फार जड जाते, अशी तक्रार थेट नोंदवली आहे.

या टंचाईचा सर्वांत मोठा परिणाम सॉनेट या चौदा ओळींच्या काव्यप्रकारावर दिसतो. इटालियन सॉनेटच्या पहिल्या आठ ओळींत दोनच यमके असतात आणि प्रत्येकासाठी चार-चार शब्द लागतात. सोळाव्या शतकात इंग्रज कवींनी घडवलेल्या आणि पुढे शेक्सपिअरच्या नावाने ओळखल्या गेलेल्या बांधणीत चौदा ओळींत सात यमके येतात, प्रत्येकाला दोनच शब्द पुरतात. मिल्टनने तर ‘पॅराडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य निर्यमक लिहिले आणि 1668च्या प्रतींना जोडलेल्या टिपणात यमक हा रानटी युगाचा शोध असल्याचे बजावले. जे यमकाला चिकटून राहिले त्यांच्यापुढे तोचतोचपणाचा धोका होता. एका ओळीत ‘ब्रीझ’ आली की पुढच्या ओळीत ‘ट्रीझ’ येणारच, असे अलेक्झांडर पोप या कवीने 1711मध्ये म्हटले आहे. ‘लव्ह’चे हाल त्याहून वाईट. इंग्रजीत सर्वाधिक कविता ज्या भावनेवर, तिच्या नावाला ‘डव्ह’, ‘ग्लव्ह’, ‘अबव्ह’, ‘शव्ह’ असे मोजकेच सोबती आहेत. म्हणून कवींनी ‘मूव्ह’, ‘प्रूव्ह’ अशी डोळ्यांना जुळणारी यमके चालवून घेतली. शेक्सपिअरच्या काळी यांतले काही उच्चार आजच्यापेक्षा जवळचे असावेत, असे अभ्यासक मानतात.

शब्दकोशाच्या कोपऱ्यात शोधले तर ‘अशक्य’ शब्दांनाही जोडीदार मिळतात. ‘सिल्व्हर’ला ‘चिल्व्हर’ हा मेंढीच्या मादी कोकराचा बोलीभाषेतला शब्द आहे. ‘पर्पल’ला स्कॉट्समधले ‘हर्पल’ (लंगडत चालणे) आणि ‘कर्पल’ (पार्श्वभाग) आहेत; यांपैकी ‘कर्पल’ रॉबर्ट बर्न्सने ‘पर्पल’शी जुळवून वापरलाही. ‘ऑरेंज’शी वेल्समधल्या अ‍ॅबर्गव्हेनीजवळच्या 561 मीटर उंच ‘ब्लॉरेंज’ डोंगराचे नाव जुळते. ‘गॉरिंज’ हे आडनावही जवळपास जुळते. इजिप्तमधला प्राचीन स्तंभ न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये आणणारे अमेरिकी नौदल अधिकारी हेन्री गॉरिंज यांचे हे आडनाव. पण असे शोध कवितेच्या फारसे उपयोगी पडत नाहीत. संत्र्यावरच्या कवितेत वेल्सचा डोंगर आणायचा, तर कविता डोंगराचीच होऊन बसते.

खरी करामत शब्द मोडण्यात आणि जोडण्यात आहे. कवी बायरनने ‘डॉन जुआन’ या दीर्घकाव्यामध्ये ‘इंटलेक्च्युअल’शी ‘हेनपेक्ट यू ऑल’ हे तीन शब्द जुळवले. नायकाच्या नावाचा उच्चारही त्याने ‘न्यू वन’ आणि ‘ट्रू वन’शी जुळेल असा ‘जू-अन’ करून टाकला. गिल्बर्टच्या 1879च्या ‘पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ या विनोदी संगीतिकेमध्ये ‘हायपॉटेन्यूस’ला ‘लॉट ओ’ न्यूज’ भेटतो. कवी हॉपकिन्सने ‘द विंडहोव्हर’ या कवितेच्या पहिल्या ओळीच्या शेवटी ‘किंगडम’ हा शब्द मधोमध तोडला. ‘किंग’ यमकासाठी वर राहिला आणि उरलेला तुकडा खाली गेला. क्रिस्टिना रोझेटीने मुलांसाठी लिहिलेल्या बडबडगीतात ‘मंथ’साठी ‘रन्थ’ असे क्रियापदाचे जुने रूप आखडून वापरले.

अर्धयमक, म्हणजे पूर्ण न जुळता थोडेसेच जुळणारे यमक, ही याहून गंभीर वाट. अमेरिकी कवयित्री एमिली डिकिन्सनने ती सातत्याने वापरली. विल्फ्रेड ओवेनने ‘स्ट्रेंज मीटिंग’ या पहिल्या महायुद्धातल्या कवितेत व्यंजने तीच ठेवून स्वर बदलला: ‘हॉल’ आणि ‘हेल’, ‘ग्रोइन्ड’ आणि ‘ग्रोन्ड’. जुळता-जुळता निसटणारे हे ध्वनी त्या कवितेत मेलेल्या दोन सैनिकांच्या भेटीला जसे शोभतात, तसे पूर्ण यमक शोभले नसते. रॅपमध्ये ही सूट आणखी वाढली. 2010च्या एका दूरचित्रवाणी मुलाखतीत अमेरिकी रॅपर एमिनेमने ‘ऑरेंज’ला यमक नाही हे म्हणणे खोडून काढत ‘फोर-इंच’, ‘डोअर हिंज’, ‘स्टोरेज’, ‘पॉरिज’ आणि ‘जॉर्ज’ यांची माळ लावून दाखवली. उच्चार वाकवला की दार उघडते, हे त्याचे म्हणणे रॅपपुरते तरी पूर्ण खरे आहे.

यमककोशांची परंपराही जुनी आहे. पीटर लेव्हिन्सचा कोश 1570मध्ये निघाला. जॉन वॉकरच्या 1775च्या कोशात शब्द शेवटच्या अक्षराकडून उलटे लावले आहेत. रचना लेखनावर आधारलेली असल्याने ‘पाइंट’सारखे शब्द अशा क्रमात भलत्याच शेजारात जाऊन बसतात.

यमककोश न उघडता होणारा उपाय म्हणजे अवघड शब्द ओळीच्या शेवटी येऊच न देणे. सतराव्या शतकात अँड्र्यू मार्व्हेलने ‘बर्म्यूडाज’ या कवितेत ‘ऑरेंज’ हा शब्द ओळीत आत घेतला आणि त्याचे विशेषण ‘ब्राइट’ ओळीच्या शेवटी नेले. पुढची ओळ ‘नाइट’वर संपते, आणि गर्द पानांच्या हिरव्या रात्रीत संत्री सोन्याच्या दिव्यांसारखी लटकलेली दिसतात.