चित्त्याचा स्पीड मोजला कोणी?

१९६५ साली केनियात क्रेग शार्प नावाच्या एका पशुवैद्याने मोकळ्या जागेत साधारण २०० मीटरचा पट्टा मोजून आखला आणि एका माणसाळलेल्या चित्ता मादीला लँड रोव्हरमधून मांसाचं आमिष दाखवत त्या पट्ट्यावरून पळवलं. हातात स्टॉपवॉच. तीन वेळा पळवलं, सरासरी वेळ आली ७ सेकंदांच्या आसपास, म्हणजे ताशी साधारण १०४ किलोमीटर. हे त्यांनी रीतसर छापून आणलं ते १९९७ मध्ये, तब्बल ३२ वर्षांनी. आणि तोपर्यंत पुस्तकांत, भिंतीवरच्या तक्त्यांवर, क्विझमध्ये चित्त्याचा वेग ११० नाहीतर १२० असाच लिहिला जात होता, आजही बऱ्याच ठिकाणी तसाच लिहितात.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण वेगाचे आकडे आपण सगळेच पटापट सांगतो पण तो मोजला कसा, हे कोणी विचारत नाही. आणि खरी मजा तिथेच आहे. जंगली जनावर काही ट्रॅकवर येऊन उभं राहत नाही, ते कधी पळेल सांगता येत नाही, कुठल्या दिशेने पळेल तेही नाही, आणि पळालं तरी जीव तोडून पळतंय की अर्ध्या ताकदीने, हे आपल्याला बाहेरून कळत नाही.

मोजलेली दुसरी प्रसिद्ध धाव २०१२ ची. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात सारा नावाची चित्ता मादी होती, तेव्हा ११ वर्षांची, म्हणजे चित्त्यांच्या हिशोबाने म्हातारीच. तिने १०० मीटर ५.९५ सेकंदात कापले आणि त्यात तिचा टॉप स्पीड लागला ताशी ९८ किलोमीटर. उसेन बोल्टचा विक्रम ९.५८ सेकंदांचा आहे, तोही २००९ साली ऐन भरातला बोल्ट. म्हणजे ही आजीबाई त्याच्यापुढे साडेतीन सेकंद.

पण ही दोन्ही जनावरं माणसाळलेली, सपाट जागेवर सरळ रेषेत पळालेली. रानातला चित्ता शिकार करताना काय करतो? याचं उत्तर मिळायला २०१३ उजाडलं. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या अॅलन विल्सन यांच्या टीमने बोट्सवानामधल्या पाच रानटी चित्त्यांच्या गळ्यात खास बनवलेल्या कॉलर घातल्या. त्यात जीपीएस, शिवाय आपल्या फोनमध्ये स्क्रीन आडवी-उभी व्हायला जे सेन्सर असतात त्याच जातीचे सेन्सर, आणि चार्जिंगसाठी सोलर सेल. चित्ता नुसता लोळत असेल तर कॉलर आरामात, त्याने धूम ठोकली की कॉलर फुल रेकॉर्डिंगवर. अशा ३६७ धावा त्यांनी पकडल्या. सगळ्यात जास्त वेग निघाला ताशी ९३ किलोमीटर. ठीक आहे, हा आकडा साधारण अपेक्षेतलाच. पण एका धावेतला जो सर्वोच्च वेग, त्याची सरासरी काढली तर ती जेमतेम ताशी ५४ किलोमीटर! धाव सरासरी १७३ मीटरची. आणि शिकार साधली ती फक्त २६ टक्के वेळा.

म्हणजे जगातला सगळ्यात वेगवान धावणारा प्राणी बहुतेक वेळा आपल्या टॉप स्पीडच्या जवळपासही जात नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा आकडा तपासला होता.

मग तो शिकार करतो कशाच्या जोरावर? ब्रेक आणि वळण. कॉलरच्या डेटामध्ये दिसलं की चित्ता एका ढांगेत आपला वेग सेकंदाला ३ मीटरने वाढवू शकतो आणि ४ मीटरने कमी करू शकतो, एका ढांगेत बरं का, म्हणजे ताशी दहा ते चौदा किलोमीटरचा फरक डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. वेग पकडताना त्याचे स्नायू किलोमागे १२० वॅटपर्यंत शक्ती देतात. शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्याची साधारण ६०, बोल्टची २५. त्यात त्याच्या नख्या मांजरासारख्या पूर्ण आत जात नाहीत, धावपटूच्या स्पाइक्ससारख्या जमिनीत रुततात, आणि लांब जड शेपटी वळताना तोल सांभाळते.

यावरच त्याच टीमने २०१८ मध्ये पुढचं काम केलं, यावेळी चित्त्यासोबत त्याची शिकार असलेलं इम्पाला हरीण, आणि सिंहासोबत झेब्रा, चौघांनाही कॉलर. निघालं असं की शिकारी दोघेही ताकदीला आपापल्या भक्ष्यापेक्षा वरचढ, वेग पकडण्यात साधारण ३७ टक्के आणि ब्रेक मारण्यात ७२ टक्के सरस. मग इम्पाला वाचतं कसं? तर ते मुद्दाम पूर्ण वेगाने पळत नाही. जो खो-खो खेळलाय त्याला हे एका क्षणात पटेल. चांगला पळणारा मैदानात सुसाट पळत नाही, मध्यम वेगात राहतो, पकडणाऱ्याला अगदी पाठीशी येऊ देतो आणि हात लागणार तेवढ्यात हूल देऊन खांबाच्या पलीकडे. फुल स्पीडमध्ये असाल तर वळायला जागा लागते, आणि तुम्ही पुढच्या पावलाला कुठे असणार हे मागच्याला आधीच कळतं. मध्यम वेगात डावीकडे, उजवीकडे, थांबणं, सगळे पर्याय उघडे. इम्पाला नेमकं हेच करतं, आणि म्हणून चित्त्यालाही वेग सोडून त्याच्या मागे वळावं लागतं. सगळा खेळ शेवटच्या दोन-तीन ढांगांचा.

अजून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती खूप ठिकाणी वाचायला मिळते. चित्ता पळताना इतका तापतो की जीव वाचवण्यासाठी त्याला पाठलाग सोडून द्यावा लागतो, असं म्हणतात. हे आलं १९७३ च्या एका प्रयोगातून, ज्यात चित्त्यांना ट्रेडमिलवर पळवलं होतं आणि अंगाचं तापमान साधारण ४०.५ अंशांपर्यंत गेलं की ते पळायचं थांबवायचे. ट्रेडमिलवर! नंतर २०१३ मध्ये नामिबियात मोकळ्यावर शिकार करणाऱ्या चित्त्यांच्या शरीरात सेन्सर बसवून बघितलं तर पाठलाग सुरू असताना तापमान फारसं वाढतच नव्हतं. वाढत होतं ते नंतर, आणि ज्या वेळी शिकार मिळाली त्या वेळी जास्त. संशोधकांचा अंदाज असा की हा ताणाचा परिणाम, कारण शिकार हातात असलेल्या चित्त्याला आता बिबट्या किंवा सिंह येऊन ती हिसकावेल ही धास्ती असते. धावून दमण्यापेक्षा मिळालेलं गमावण्याची भीती त्याला जास्त तापवते, हे वाचून मला त्या जनावराबद्दल फार वाटलं.

आता जमीन सोडून वर बघू. बहिरी ससाणा. आपल्या सह्याद्रीत कड्यांवर जो शाहीन ससाणा दिसतो ती याचीच उपजात, पोटाकडे तांबूस, डोकं काळं, आणि गडाच्या तटावर तुम्ही शांत बसलात तर कधीकधी खाली दरीत कबुतरांच्या थव्यावर तुटून पडताना दिसतो. दिसतो म्हणजे काय, एक काळी रेघ दिसते आणि मग पिसं उडालेली.

ससाण्याचा ताशी ३८९ किलोमीटर हा जो आकडा आहे तो अमेरिकेतल्या केन फ्रँकलिन या ससाणे पाळणाऱ्या स्कायडायव्हरच्या मादीचा. तिचं नाव फ्राइटफुल. तो विमानातून उडी मारायचा, ती त्याच्या मागोमाग सूर मारायची. म्हणजे हा उडण्याचा वेग नाही, पडण्याचा आहे, पंख अंगाला चिकटवून गुरुत्वाकर्षणाच्या मदतीने. काही लोक म्हणतात मग हे चीटिंग झालं. मला तसं वाटत नाही, कारण त्या वेगात नेम धरून कबुतर टिपायचं आणि जमिनीवर आपटायच्या आत परत वर यायचं हे काय पडणं आहे?

आणि इथे चित्त्याच्या अगदी उलटी गंमत आहे. जमिनीवर वेग वाढला की वळणं अवघड होतं, कारण पंजाची पकड आहे तेवढीच राहते. हवेत पंखांना मिळणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट तर जोर चौपट, म्हणजे ससाणा जितका जोरात येतो तितकी वळायला लागणारी ताकद त्याला जास्त मिळते. २०१८ मध्ये कॉम्प्युटरवर ससाण्याचा सूर तयार करून बघितला गेला, त्यातही हेच आलं की झिगझॅग उडणारा चपळ पक्षी पकडायला उंचावरून वेगात येणंच फायद्याचं, फक्त नेम अतिशय अचूक हवा.

नेमावरून आठवलं, ससाणा लांबून येताना सरळ रेषेत येत नाही, गोलाकार येतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या व्हान्स टकर यांनी याचं कारण शोधलं. ससाण्याची लांबचं बघण्याची सगळ्यात तीक्ष्ण नजर समोर नसते, बाजूला साधारण ४० अंशांवर असते. भक्ष्य त्या नजरेत ठेवायचं तर डोकं वाकडं करावं लागेल, आणि डोकं वाकडं केलं की हवेचा अडथळा वाढून वेग जाणार. म्हणून तो डोकं सरळ ठेवतो आणि वाटच वाकडी करतो. अंतर जास्त पडतं पण पोचतो लवकर. इतकं सुंदर उत्तर मी क्वचितच वाचलंय.

सरळ उडण्याचा विचार केला तर स्विफ्ट म्हणजे पाकोळीच्या कुळातल्या युरोपातल्या पक्ष्याचा ताशी १११.६ किलोमीटर असा नीट मोजलेला आकडा आहे. २०१६ मध्ये टेक्ससमधल्या एका वटवाघळाचा १६० आला, रेडिओ ट्रान्समीटर लावून आणि विमानाने मागे जाऊन, पण तो जमिनीच्या तुलनेतला वेग आणि त्यातून वारा नेमका किती वजा करायचा यावर तज्ज्ञांनी शंका घेतल्या.

पाण्यातली कथा तर फारच मोठा धडा आहे. सेलफिश, पाठीवर शिडासारखा पर असलेला मासा, ताशी ११० किलोमीटर, हेही सगळ्या याद्यांमध्ये असतं. हा आकडा आला फ्लोरिडातल्या एका फिशिंग कॅम्पमधून. गळाला लागलेल्या माशाने ३ सेकंदांत रिळावरची ९१ मीटर दोरी ओढून नेली, भागाकार केला, झालं. आता गळाला लागलेला मासा उसळ्या मारत असतो, हवेत असतो, दोरी सैल-घट्ट होत असते, त्याला पोहण्याचा वेग कसा म्हणायचं? अलीकडे समुद्रात सेलफिश शिकार करत असताना शूटिंग करून आणि अंगावर सेन्सर लावून मोजलं, त्यांच्या स्नायूंचं आकुंचन किती झटक्यात होतं तेही तपासलं, तर वेग येतो ताशी ३० ते ३५ किलोमीटरच्या घरात. एक तृतीयांश!

आणि भौतिकशास्त्रही हेच सांगतं. पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट दाट. शिवाय शेपटी एका मर्यादेपलीकडे जोरात हलली की तिच्यामागे दाब इतका कमी होतो की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे तयार होतात, आणि ते फुटताना इजा करतात. बोटीचे पंखेसुद्धा याच बुडबुड्यांनी खराब होतात. ही मर्यादा साधारण सेकंदाला १० ते १५ मीटरवर येते, म्हणजे ताशी ३६ ते ५४ किलोमीटर. मग ११० कुठून येणार.

बरं, मोठा प्राणी म्हणजे पाय लांब, स्नायू जास्त, मग हत्ती का नाही सगळ्यात वेगवान? २०१७ मध्ये जर्मनीतल्या मिरियम हिर्ट आणि सहकाऱ्यांनी ४७४ जातींचे आकडे एकत्र करून याचं उत्तर दिलं. हत्तीच्या स्नायूंत कागदावर ताशी कितीतरी वेग आहे, पण तेवढं वजन त्या वेगाला आणायला वेळ लागतो, आणि झटपट जळणारं स्नायूंमधलं इंधन त्याआधीच संपून जातं. लहान प्राण्याचं वजन पटकन हलतं पण त्याचा मूळ वेगच कमी. म्हणून सगळ्यात वेगवान ते मधल्या वजनाचे, चित्त्यासारखे.

लहानांचा विषय निघालाय तर कॅलिफोर्नियातला एक माइट, म्हणजे कोळ्याच्या नात्यातला बारीक जीव, तिळाएवढा, नीट बघितलं नाही तर धुळीचा कण वाटेल. तो सेकंदाला स्वतःच्या शरीराच्या लांबीच्या ३२२ पट अंतर कापतो, चित्ता साधारण १६ पट. माणूस त्या हिशोबाने पळाला तर ताशी २,००० किलोमीटरच्या पुढे जाईल. आणि हा माइट पळतो कुठे, तर ६० अंशांपर्यंत तापलेल्या काँक्रीटवर, जिथे आपण पाय ठेवू शकणार नाही. दुसरा टायगर बीटल, हा भुंगेरा इतका वेगात पळतो की त्याच्या डोळ्यांना पुरेसा प्रकाशच गोळा करता येत नाही, समोरचं दिसेनासं होतं, मग तो मध्येच थांबतो, भक्ष्य कुठे गेलं ते बघतो आणि परत पळतो.

शेवटी आपल्याकडचं, पण त्यासाठी आधी लांबून सुरुवात करावी लागेल. उत्तर अमेरिकेत प्राँगहॉर्न नावाचा हरणासारखा प्राणी आहे, ताशी ८५ च्या पुढे जातो, आणि नुसता जात नाही, १० मिनिटांत ११ किलोमीटर पळाल्याची नोंद आहे. आज तिथे त्याच्या जवळपास पोचेल असा एकही शिकारी नाही, कोल्हे-लांडगे बरेच मागे. जॉन बायर्स या प्राणिशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की हा वेग साधारण १२,००० वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या अमेरिकन चित्त्यासारख्या शिकाऱ्यांच्या काळातला आहे. पाठलाग करणारे गेले, पळणं राहिलं.

हे वाचल्यावर मला आपल्या नगर जिल्ह्यातल्या रेहेकुरी काळवीट अभयारण्याचं माळरान डोळ्यांसमोर आलं. काळवीट ताशी ८० किलोमीटरपर्यंत पळतं असं सांगतात, आणि ज्यांनी कळप उधळताना पाहिलाय, एकामागोमाग एक हवेत उंच उड्या घेत जाणारा, त्यांना हा आकडा खोटा वाटणार नाही. या माळांवर एकेकाळी त्यांच्या मागे चित्ते असायचे. कोल्हापूर संस्थानात तर काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत, आपल्याकडचे मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवत. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. रेहेकुरीत आता कळपाच्या मागे फार तर लांडगा लागतो. काळवीट मात्र पळायला लागलं की अजून चित्ताच मागे असल्यासारखं पळतं.