बूट घरातही घालायचे आहेत: मधुमेह असलेल्या ग्राहकांसाठी

डॉक्टरांनी लिहून दिलेले बूट घेऊन गेलेले ग्राहक काही महिन्यांनी तपासणीला येतात, तेव्हा आम्ही आधी बुटाचा तळ पाहतो. बऱ्याचदा टाच जेमतेम घासलेली असते आणि आतल्या सुकतळ्यावर बोटांचे ठसेही उमटलेले नसतात. विचारलं की उत्तर येतं, "बाहेर जाताना घालतो की!"

घोळ इथेच होतो. दिवसभरातली बरीचशी पावलं घरातच पडतात. स्वयंपाकघर, न्हाणीघर, दाराची बेल, रात्री पाणी प्यायला उठणं, अशी त्यांची बेरीज होत जाते. आणि फरशी घरची आहे म्हणून तळव्यावरचा भार काही कमी होत नाही.

"पण माझा पाय दुखतच नाही"

म्हणूनच तर बूट दिलेत. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होऊ शकतात. एरवी खडा टोचला की आपण पाय उचलतो, बूट चावायला लागला की नकळत पाऊल वेगळं टाकतो. बधिर पाय असं काही करत नाही. चवड्याखालच्या हाडावर प्रत्येक पावलाला त्याच जागी दाब येतो. तिथे घट्टा धरतो, घट्ट्याखाली रक्त साकळतं आणि एक दिवस मोज्यावर डाग दिसतो. तपासणीत डॉक्टर तळव्याला नायलॉनचा एक तंतू टेकवतात, तो 10 ग्रॅम दाबाला वाकतो. तेवढाही स्पर्श कळत नसेल, तर बुटाच्या आरामावरून त्याचं माप ठरवू नका. अशा पायाला घट्ट बूटच 'नीट बसला' असं वाटतं.

आमचे बूट ढगळ आणि जाड दिसतात, हे मान्य. सगळ्यात लांब बोटापुढे 1 ते 2 सेंटीमीटर जागा मुद्दाम सोडलेली असते. बोटांवर उंची जास्त असते आणि आत टोचेल अशी शिवण नसते. सुकतळा तुमच्या पायाच्या ठशावरून केलेला असतो, त्यामुळे भार एका जागी न साचता तळवाभर पसरतो. काहींच्या बुटाचा तळ पुढून उचललेला असतो, म्हणजे चवडा न मुडपता पाऊल पुढे कलतं. जाड मोजे मावावेत म्हणून सुकतळा काढून टाकलात, तर उरतो तो फक्त मोठ्या मापाचा बूट.

पूर्वी जखम होऊन गेली असेल, तर हा भाग दोनदा वाचा. जखम भरून आलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोकांना वर्षभराच्या आत पुन्हा जखम होते. वरची कातडी जुळली तरी ज्या दाबाने जखम झाली तो तसाच असतो. आणि नेमके तेव्हाच बूट कपाटात जातात.

नवे बूट पहिल्या दिवशी तास-दोन तासच घाला, मग मोजे काढून पाय बघा. लालसर डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर बूट आमच्याकडे आणा. 'सैल होतील हळूहळू' म्हणत घालत राहू नका. रोज पाय घालण्याआधी बुटात हात फिरवा. आत पडलेली टाचणी हाताला कळेल, पायाला कळणार नाही.

बूट घालवत नसतील, तर कारण मोकळेपणाने सांगा. वाकून नाडी बांधता येत नसेल तर वेल्क्रो लावता येतो. रंग बदलता येतो. बाहेरचे बूट घरात नको वाटत असतील तर घरासाठी त्याच सुकतळ्याची हलकी जोडी करता येते, फक्त डॉक्टरांना विचारून. बूट आवडले नाहीत हे ऐकून आम्हाला राग येत नाही. ते न वापरता पडून राहिले, तर मात्र वाईट वाटतं.

पाय अचानक गरम लागला, सुजला, लाल झाला किंवा कातडी फाटली, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ते काम आमचं नाही. घट्टा किंवा कुरूप घरी ब्लेडने कापू नका, कुरूपाची औषधी पट्टीही लावू नका.

सुकतळा वापराने दबत जातो, म्हणून तो अधूनमधून दाखवायला आणा. शक्यतो संध्याकाळी या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप खरं मिळतं. नेहमीचे मोजेही सोबत असू द्या.