कानात सांगितलेलं खरं असतं का?

फेब्रुवारी २००८. अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी बराक ओबामांना की हिलरी क्लिंटन यांना, हे ठरायचं होतं आणि ४ मार्चच्या ओहायोतल्या प्राथमिक निवडणुकीला भलतंच महत्त्व आलं होतं. ओहायो हे पोलाद, टायर आणि मोटारींच्या सुट्या भागांचं राज्य. कारखाने बंद पडून ओस झालेली गावं तिथे थोडीथोडकी नव्हती. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापार करार, म्हणजे १ जानेवारी १९९४ पासून लागू झालेला 'नाफ्ता', हा शब्द तिथे जवळजवळ शिवीसारखा वापरला जाई. २६ फेब्रुवारीला क्लीव्हलंडमधल्या जाहीर वादचर्चेत दोन्ही उमेदवारांनी सांगून टाकलं की, कामगार आणि पर्यावरणाबद्दलच्या अटी नव्याने ठरवायला शेजारी देश तयार झाले नाहीत, तर करारातून बाहेर पडायची धमकी आपण देऊ. धमकी पोकळ नव्हती. करारातल्या २२०५ व्या कलमानुसार सहा महिन्यांची लेखी नोटीस दिली की कोणताही देश मोकळा होऊ शकत होता.

या चर्चेच्या अडीच आठवडे आधी, ८ फेब्रुवारीला, ओबामांचे आर्थिक सल्लागार ऑस्टन गूल्सबी शिकागोतल्या कॅनडाच्या वाणिज्य दूतावासात जाऊन आले होते. तिथल्या अधिकाऱ्याने भेटीचं टिपण लिहून वर पाठवलं. त्याचा मथितार्थ असा, की प्रचारातली ही भाषा म्हणजे राजकीय पवित्रा आहे, ती ठाम धोरण समजू नये. मतदानाच्या आदल्या दिवशी ते टिपण असोसिएटेड प्रेसने छापलं आणि एकच गदारोळ उठला. माझ्या शब्दांचा विपर्यास झाला, असं गूल्सबी म्हणाले. कॅनडाच्या दूतावासानेही खेद व्यक्त केला आणि ओबामा जाहीरपणे एक व खासगीत दुसरं बोलतात असं सुचवायचा आपला हेतू नव्हता, असा खुलासा केला. क्लिंटन यांनी ओहायो सुमारे नऊ टक्क्यांच्या फरकाने जिंकलं. मात्र तिथे त्या आधीपासूनच पुढे होत्या, त्यामुळे या विजयाचं श्रेय टिपणाला देणं धाडसाचं ठरेल. गंमत म्हणजे, कॅनडाच्या पंतप्रधानांचे मुख्य सहायक इयन ब्रॉडी पत्रकारांशी बोलताना जे पुटपुटले आणि ज्यातून हे प्रकरण फुटलं, ते क्लिंटन यांच्या गोटाबद्दल होतं, असं नंतर छापून आलं. क्लिंटन यांच्या गोटाने अर्थातच ते नाकारलं.

अशा बातमीवर आपली प्रतिक्रिया ठरलेली असते: दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. सभेतलं बोलणं खोटं आणि बंद दाराआडचं खरं, असं आपण गृहीत धरतो. त्यातला पहिला अर्धा भाग कधीकधी बरोबर निघतो. दुसऱ्या अर्ध्याला मात्र फारसा आधार नाही. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्रात या प्रश्नावर गेल्या चाळीसेक वर्षांत बरंच काम झालं आहे आणि त्याचा रोख आपल्या समजुतीच्या उलट दिशेला जातो.

मूळ कल्पना सोपी आहे. जे बोलायला काही खर्च येत नाही, ते बोलणं स्वस्त. १९८२ साली व्हिन्सेंट क्रॉफर्ड आणि जोएल सोबेल यांनी गणिताने दाखवलं की, बोलणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं हित जितकं दुरावतं, तितकी अशा स्वस्त बोलण्यातून मिळणारी माहिती कमी होत जाते. आता दूतावासातल्या त्या खोलीत जाऊन बघा. उमेदवाराच्या माणसाला परदेशी सरकारला शांत ठेवायचं आहे. 'काळजी करू नका' म्हणायला त्याचं काय जातं? करार खरोखर मोडायचा असला तरी तो हेच म्हणेल आणि मोडायचा नसला तरी हेच. उत्तर दोन्हीकडे सारखंच, तर त्यातून कळलं काय?

यावर एक हुशार आक्षेप घेता येतो. ही गोष्ट फुटली तर उमेदवाराचं नुकसान होणार, म्हणजे असं काही सांगून त्याने स्वतःची शेंडी समोरच्याच्या हातात दिली. एवढी जोखीम घेतोय तर खरं बोलत असेल! आक्षेप आकर्षक आहे, पण टिकत नाही. एखाद्या खुणेवर विश्वास ठेवायचा तर ती खऱ्याला परवडणारी आणि खोट्याला न परवडणारी असावी लागते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये हा मुद्दा मांडला आणि पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिपण फुटल्यावर होणारं नुकसान मात्र खऱ्याखोट्याचा भेद करत नाही. आतून कडक असलेला आणि आतून मवाळ असलेला, दोघेही ओहायोत सारखेच मार खातील. म्हणून त्या जोखमीतून फार तर एवढंच कळतं की यांना आपली गरज वाटते.

खरी मेख १९८९ मध्ये जोसेफ फॅरेल आणि रॉबर्ट गिबन्स यांनी दाखवली. बोलणारा एक आणि ऐकणारे दोन, अशी मांडणी त्यांनी तपासली. आपल्या विषयाला लावून ती आकड्यांत करून बघू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा उमेदवार दोन जातीचे: मनातून करार बदलू पाहणारा 'कडक' आणि जसा आहे तसा राहू देणारा 'मवाळ'. मतदारांना आपण कडक वाटलो, तर कडक उमेदवाराला ५ गुणांचा फायदा आणि मवाळाला ३ गुणांचा. परदेशी सरकारला आपण मवाळ वाटलो, तर कडकाला ३ आणि मवाळाला ५. फक्त मतदारांसमोर बोलायचं असेल तर दोघेही 'मी कडक' म्हणतील, कारण ३ गुण कोण सोडतो? फक्त राजदूतासमोर बसवलं तर दोघेही 'मी मवाळ' म्हणतील. दोन्हीकडे शब्द निरुपयोगी. आता दोघांना एकाच खोलीत बसवा आणि उमेदवाराला एकदाच बोलू द्या. कडक उमेदवार 'कडक' म्हणून ५ कमावतो, खोटं बोलला तर त्याला ३च मिळतात. मवाळाचंही तेच, फक्त उलट्या बाजूने. दोघेही खरं बोलतात! दोन्ही श्रोते एकमेकांचा धाक बनतात.

म्हणजे काही परिस्थितींत जाहीर बोलणंच खरं आणि खासगी बोलणं पोकळ असतं. सगळ्याच परिस्थितींत नाही, हेही फॅरेल आणि गिबन्स यांनीच सांगितलं आहे. आकडे वेगळे घेतले तर याच्या बरोबर उलटही घडतं: एका श्रोत्याशी एकांतात खरं बोलता आलं असतं, पण दुसरा ऐकतोय म्हटल्यावर ते शक्य राहत नाही. मुद्दा इतकाच, की दार बंद होतं म्हणून आतलं बोलणं आपोआप खरं ठरत नाही.

जाहीर शब्दाला वजन येण्याचं आणखी एक कारण जेम्स फिअरन यांनी १९९४ मध्ये मांडलं. नेता लोकांसमोर बोलून मागे फिरला की लोक त्याला शिक्षा करतात, आणि या भीतीमुळेच शब्दाला किंमत येते. २००७ मध्ये मायकेल टॉम्झ यांनी अमेरिकी नागरिकांवर प्रयोग करून पाहिला. काहींना सांगितलं की राष्ट्राध्यक्षांनी दुसऱ्या देशाला धमकी दिली आणि मग माघार घेतली. काहींना सांगितलं की त्यांनी सुरुवातीपासूनच हस्तक्षेप केला नाही. निष्पन्न एकच, तरी धमकी देऊन मागे फिरलेल्याबद्दलची नापसंती जास्त निघाली. टीकाकारांचं म्हणणं असं की प्रत्यक्षात नेते शब्द मुद्दाम संदिग्ध ठेवतात, त्यामुळे ही शिक्षा कागदावर दिसते तेवढी जबर नसते. मला टीकाकारांचं पारडं थोडं जड वाटतं. क्लीव्हलंडमधलं ते वाक्यच बघा. 'बाहेर पडू' असं त्यात कुठेच नाही, 'बाहेर पडायची धमकी देऊ' असं आहे. अशा वाक्यातून निसटायला जागा भरपूर.

आणि ओबामा निसटलेच. जून २००८ मध्ये उमेदवारी पक्की झाल्यावर फॉर्च्यून मासिकाला दिलेल्या मुलाखतीत, प्रचाराच्या भरात भाषा कधीकधी जरा जास्त तापते, असं ते म्हणाले. एप्रिल २००९ मध्ये त्यांच्या सरकारचे व्यापार प्रतिनिधी रॉन कर्क यांनी करार पुन्हा उघडायची गरज नसल्याचं सांगितलं. पुढे कॅनडा आणि मेक्सिकोचा समावेश असलेल्या टीपीपी (ट्रान्स-पॅसिफिक पार्टनरशिप) या प्रशांत महासागराभोवतालच्या देशांच्या व्यापार करारावर फेब्रुवारी २०१६ मध्ये ऑकलंडला सह्या झाल्या. कामगारांबद्दलच्या कडक अटी त्यात होत्या, पण तोवर ओबामांची दुसरी कारकीर्द संपत आली होती.

मग टिपण खरं ठरलं की! ठरलं, पण कुजबुजीमुळे नाही. शिकागोची भेट झालीच नसती तरी कॅनडाच्या राजधानीतल्या, ओटावातल्या जाणकाराला हाच अंदाज बांधता आला असता. कॅनडाची साधारण तीन चतुर्थांश निर्यात तेव्हा अमेरिकेत जात होती, त्यामुळे त्यांची घालमेल खरी होती. पण अमेरिकेला सर्वाधिक तेल पुरवणारा देशही कॅनडाच होता. नाफ्ता उघडायचा तर ऊर्जेची कलमंही उघडतील, असा सूर कॅनडाचे व्यापारमंत्री डेव्हिड इमर्सन यांनी त्याच आठवड्यात जाहीरपणे लावला होता. मोटारीचा एकेक सुटा भाग तयार होईपर्यंत सीमा अनेकदा ओलांडतो. सत्तेवर आलेल्या कुणालाही हे हिशेब टाळता येत नाहीत. शिवाय निवडणूक संपली की श्रोता बदलतो. शुशानिक हाकोब्यान आणि जॉन मॅक्लॅरेन या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात दिसलं, की नाफ्ताची झळ देशाच्या सरासरीत फारशी जाणवत नाही, पण काही उद्योगांतल्या आणि गावांतल्या कमी शिकलेल्या कामगारांची पगारवाढ त्याने चांगलीच रोखली. असा मतदार प्राथमिक निवडणुकीच्या दिवशी निर्णायक असतो आणि देशाच्या अर्थसंकल्पात बारीक दिसतो.

कॅनडाला हा खेळ नवा नव्हता. १९९३ च्या निवडणुकीत ज्याँ क्रेतियाँ यांच्या लिबरल पक्षाने नाफ्तावर पुन्हा वाटाघाटी करू, असं जाहीरनाम्यात म्हटलं होतं. ऑक्टोबरात ते जिंकले आणि डिसेंबरात करार लागू करायला त्यांनी संमती दिली. करारातला मजकूर होता तसाच राहिला.

टिपणांबद्दल एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. टिपण म्हणजे उमेदवाराचे शब्द नसतात. सल्लागार बोलतो, अधिकारी ऐकतो, मग लिहितो, आणि लिहिताना वरिष्ठांना काय हवं आहे हे त्याला ठाऊक असतं. काळजीत पडलेल्या सरकारला दिलासा कळवणारा अहवाल लवकर वाचला जातो. कॅनडाच्या चौकशीनुसार ते टिपण दोनशेहून अधिक पत्त्यांवर पोचलं होतं. फोडणारा शेवटपर्यंत सापडला नाही. इतक्या लोकांना कळवलेल्या गोष्टीला गुपित म्हणणं अवघडच.

आठ वर्षांनी हाच प्रकार टीपीपीच्या निमित्ताने झाला. परराष्ट्रमंत्री असताना हिलरी क्लिंटन यांनी या कराराचं कौतुक केलं होतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये उमेदवार म्हणून त्यांनी विरोध जाहीर केला. जुलै २०१६ मध्ये त्यांचे जुने स्नेही टेरी मॅकऑलिफ म्हणाले की निवडून आल्यावर काही बदल करून त्या पाठिंबा देतील. प्रचारयंत्रणेने लगेच इन्कार केला. कोण खरं होतं, याची परीक्षा कधी झालीच नाही. डोनाल्ड ट्रम्प निवडून आले आणि २३ जानेवारी २०१७ ला त्यांनी अमेरिकेला टीपीपीतून बाहेर काढलं.

'प्रचारात बोलतात, नंतर विसरतात' हा जुना ठोकताळा इथे तोकडा पडला. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो वॉशिंग्टनला गेले तेव्हा, कॅनडाशी असलेल्या व्यापारात किरकोळ फेरबदलच करायचे आहेत, असं ट्रम्प यांनी त्यांच्या शेजारी उभं राहून सांगितलं. १ जून २०१८ पासून कॅनडाच्या पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के आयातशुल्क लागू झालं. दरम्यान कॅनडाचे मंत्री, खासदार आणि अधिकारी अमेरिकेतल्या राज्याराज्यांत फिरत होते. तुमच्या राज्याचा किती माल आमच्याकडे येतो, त्यावर किती नोकऱ्या अवलंबून आहेत, याचे आकडे ते गव्हर्नर आणि लोकप्रतिनिधींपुढे ठेवत होते. नाफ्ताच्या जागी आलेल्या नव्या करारावर ३० नोव्हेंबर २०१८ रोजी ब्यूनस आयर्समध्ये सह्या झाल्या आणि १ जुलै २०२० पासून तो लागू झाला. त्याची मुदत सोळा वर्षांची आहे, आणि तिन्ही देशांनी मिळून पहिला आढावा घ्यायचा तो सहाव्या वर्षी, १ जुलै २०२६ ला, असं करारातच लिहून ठेवलं आहे.